हुंडीचा नमुना आणि कृति-नियंत्रकाचा इंटरफेस



स्मरणिकेच्या पानांत बाजाराची चाल, कर, साठा आणि वाहतूक यांविषयी जाणते बंधू प्रतिवर्षी लिहितात व ते वाचून आम्हां सर्वांस लाभ होतो. या वेळी आम्ही मात्र अशा एका विषयास हात घालीत आहोत, की ज्याचे नाव काढताच पेढीवरील वडीलधारी मंडळी चष्मा काढून ठेवतात आणि म्हणतात, "ते पोरांचे काम आहे, पोरांना विचारा." आम्हीही परवापरवापर्यंत हेच म्हणत होतो. आमचे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे, आणि हयात गेली धान्याच्या घाऊक व्यापारात. परंतु ज्या यंत्रणेच्या भरवशावर आपल्या मागण्या येतात, माल सुटतो आणि उधारी चढते, तिचा पाया कसा घातला आहे हे मालकाने विचारू नये, हे म्हणणे म्हणजे वखारीची किल्ली स्वतःजवळ न ठेवण्यासारखे आहे. हा धडा आम्हांस कसा मिळाला ते प्रथम सांगतो.

भेस्तान येथील आमच्या वखारीतून उधना, पांडेसरा, लिंबायत, डिंडोली या भागांतील किरकोळ दुकानदारांस गहू, ज्वारी, बाजरी आणि डाळी जातात. यांतील पुष्कळसे दुकानदार खानदेशातून येऊन येथे स्थिरावलेले. काही वर्षांपूर्वी आम्ही मागण्या घेण्यासाठी एक वेब-प्रणाली करवून घेतली. दुकानदाराने फोनवर पान उघडावे, पोत्यांचा आकडा घालावा, आणि सकाळी टेम्पो दारात यावा, अशी ती सोय होती. मागणी नोंदली गेली की दुकानदाराच्या फोनवर एक संदेश जाई. त्यात मागणीचा क्रमांक असे आणि खाली एक दुवा असे: "मागणी नको असल्यास येथे दाबा." दुकानदारास सांकेतिक शब्द लक्षात ठेवण्याचा त्रास नको, म्हणून त्या दुव्यातच त्याची ओळख गुंफलेली होती.

पांडेसऱ्यातील आमचे एक जुने गिऱ्हाईक. एका लग्नघरासाठी त्यांनी तूरडाळ आणि गहू यांची मागणी केली, आणि क्रमांक मुलाजवळ असावा म्हणून तो संदेश जसाच्या तसा फोनवरील गप्पांच्या ॲपमध्ये चिकटवून मुलाकडे पाठविला. दुसऱ्या दिवशी माल गेला नाही. त्यांनी विचारले तेव्हा आमच्या गुमास्त्याने नोंद पाहून सांगितले, "भाऊ, मागणी तुमच्याच दुव्यावरून रद्द झाली आहे." ते म्हणाले, "मी काही रद्द केलेले नाही." मग आम्ही स्वतः फोन घेतला आणि, सांगण्यास लाज वाटते, आम्हीही यंत्राच्याच बाजूने बोललो. त्यावर ते एवढेच म्हणाले, "शेठजी, वीस वर्षांत मी दिलेला शब्द फिरवला आहे काय?" लग्नघरास दिलेला शब्द पाळण्यासाठी त्यांनी दुसरीकडून चढ्या भावाने माल घेतला आणि पदरचे पैसे घातले.

नऊ दिवसांनी खरा प्रकार उघडकीस आला. गप्पांच्या ॲपमध्ये एखादा दुवा चिकटविला की ते ॲप आपण होऊन त्या दुव्यावरील पान उघडते व त्याचे लहानसे चित्र संदेशाखाली दाखविते. पान उघडणे हीच आमच्या प्रणालीत रद्द करण्याची कृती होती. कोणी बोट लावले नाही, कोणी होकार दिला नाही, तरी मागणी मोडली. गिऱ्हाईक खरे होते, आणि नोंदही तिच्यापुरती खरी होती. खोटा होता तो नियम, किंबहुना नियम नव्हताच.

साऱ्या जगाने केलेली चूक

ही चूक आमची एकट्याची नव्हे, हे पुढे वाचनात आले. मे २००५ मध्ये गूगलने 'वेब ॲक्सेलरेटर' नावाचे एक साधन चाचणीसाठी प्रसिद्ध केले होते. वाचणाऱ्याचा वेळ वाचावा म्हणून पानावरील पुढचे दुवे ते आधीच उघडून आणून ठेवी. ज्या प्रणालींत 'काढून टाका' हा साधा दुवा होता, तेथे या साधनाने तोही इमानेइतबारे उघडला आणि लोकांच्या नोंदी नाहीशा झाल्या.

वास्तविक वेबच्या व्यवहाराचा नियम स्पष्ट आहे. ब्राउझर आणि सर्व्हर यांच्यातील बोलण्याच्या रीतीस एचटीटीपी म्हणतात. त्या रीतीत प्रत्येक विनंतीबरोबर एक क्रियापद येते. 'गेट' म्हणजे दाखवा. 'पोस्ट' म्हणजे हे घ्या व त्यावर काम करा. 'पुट' म्हणजे हे त्या जागी ठेवा. 'डिलीट' म्हणजे काढा. जून २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आरएफसी ९११० या मानकात 'गेट' ही सुरक्षित पद्धत म्हणून सांगितली आहे. पाहू मागणाऱ्याने काही बदल मागितलेला नाही, असा तिचा अर्थ. हाच नियम आधीच्या मानकांतही होता. गिऱ्हाइकाने भाव विचारला म्हणजे त्याने सौदा केला असे नव्हे, हे बाजारातील पोरासही ठाऊक असते. आमच्या प्रणालीस ते ठाऊक नव्हते.

नियम पुस्तकात होता, मग आमच्या प्रणालीत का उतरला नाही? कारण आमच्या प्रणालीत मागणी घेणे, बदलणे, रद्द करणे, उधारी पाहणे, भरतीचिठ्ठी काढणे अशा चाळीसएक कृती होत्या, आणि प्रत्येक कृती लिहिणाऱ्याच्या त्या दिवशीच्या मर्जीप्रमाणे लिहिली गेली होती. एकीत अधिकार तपासला जाई, दुसरीत नाही. एक उत्तर परत देई, दुसरी थेट पडद्यावर लिहून मोकळी होई. त्यांना एका रेषेत उभे करणारा सामाईक नमुना नव्हता. त्या नमुन्यालाच इंटरफेस म्हणतात.

पेढीवरील तीन माणसे

प्रथम घराची रचना पाहू. नॉर्वेचे ट्रिग्वे रीन्सकाउग यांनी १९७९ मध्ये अमेरिकेतील झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात असताना प्रोग्रामची एक विभागणी मांडली. मॉडेल, व्ह्यू आणि कंट्रोलर असे तिचे तीन भाग आहेत. आपल्या पेढीवर हे तिघे पूर्वापार बसलेले आहेत. रोजकीर्द, खतावणी आणि त्यांत नोंद करण्याचे नियम हे मॉडेल. भिंतीवरचा भावफलक आणि गिऱ्हाइकाच्या हाती पडणारी चिठ्ठी हा व्ह्यू. आणि आलेल्या माणसाचे म्हणणे ऐकून कोणती वही उघडावयाची, कोणती चिठ्ठी द्यावयाची हे ठरविणारा गादीवरचा गुमास्ता हा कंट्रोलर, म्हणजे नियंत्रक. वेबवर अशा एकेका कामासाठी जो नियंत्रक असतो त्यास ॲक्शन कंट्रोलर म्हणतात. आम्ही येथे कृति-नियंत्रक म्हणू.

आता फ्रेमवर्क म्हणजे काय? ती एक बांधून तयार असलेली वखार आहे. भिंती, छप्पर, दरवाजा, वजनकाटा आणि दारावरचा मुकादम हे सारे तयार मिळते, माल तेवढा आपण आणावयाचा. परंतु यात एक मर्म आहे. साध्या प्रोग्राममध्ये आपण लिहिलेली आज्ञा दुसऱ्याने केलेल्या साधनास बोलावते. फ्रेमवर्कमध्ये याच्या उलट घडते. विनंती आली की प्रथम फ्रेमवर्कचा मुकादम जागा होतो, पत्ता वाचतो, आणि आपण लिहिलेल्या योग्य त्या नियंत्रकास हाक मारतो. मुकादमाने कोणत्या नावाने हाक मारावयाची, हाती काय द्यावयाचे आणि परत काय घ्यावयाचे, हे आधी ठरलेले असल्यावाचून हे काम चालणारच नाही. कारण फ्रेमवर्क लिहिणाऱ्याने आपली पेढी कधी पाहिलेली नसते, आणि आपण त्यास कधी भेटलेलो नसतो.

न भेटलेल्या माणसांचा व्यवहार

एकमेकांस न भेटलेल्या माणसांनी परस्परांवर विसंबून व्यवहार करणे ही आपल्या सुरतेस नवी गोष्ट नाही. सतराव्या शतकात वीरजी व्होरा यांच्यासारखे जैन सराफ येथे पेढ्या चालवीत होते आणि सुरतेची हुंडी बऱ्हाणपुरास व आग्र्यास वटत होती. हुंडी वटविणारा सराफ लिहिणाऱ्याचा भाऊबंद असावा लागत नसे. हुंडीचा मजकूर ठरलेला असे: कोणी लिहिली, कोणावर लिहिली, रक्कम किती, कोणास द्यावयाची आणि केव्हा. रक्कम आकड्यात आणि अक्षरात तर लिहावीच, शिवाय तिची निमपट सांगून पुन्हा दुप्पट करून सांगावी, म्हणजे कोणास आकडा फिरविता येऊ नये. दर्शनी असेल तर पाहताच पैसे, मुदती असेल तर मुदत भरल्यावर. इतके जुळले की सराफ रक्कम देई.

इंटरफेस हा असाच कोरा नमुना होय. त्यात काम कसे करावे हे लिहिलेले नसते. कोणत्या नावाच्या कृती असल्याच पाहिजेत, त्या काय घेतील आणि काय देतील, एवढेच लिहिलेले असते. ऑब्जेक्ट-ओरिएंटेड भाषांत माहिती आणि तिच्यावर करावयाची कामे एकत्र बांधून जो साचा करतात त्यास क्लास म्हणतात, आणि साच्यातून काढलेल्या प्रत्यक्ष नगास ऑब्जेक्ट. या विचाराचा उगम ऑस्लो येथील ओले-योहान डाल आणि क्रिस्टेन न्यूगॉर्ड यांच्या सिम्युला ६७ या भाषेत आहे. एखादा क्लास "मी अमुक इंटरफेस पाळतो" असे जाहीर करतो, तेव्हा तो वचन देतो. जावा या भाषेत हे वचन अपुरे राहिले, तर प्रोग्राम तयारच होत नाही. पीएचपी भाषेतही, जुलै २००४ मधील पाचव्या आवृत्तीपासून, असा क्लास चालविण्यास घेतला की तेथेच चूक दाखवून काम थांबते. हुंडीवर रक्कम लिहावयाची राहिली तर ती सराफाच्या गादीवरूनच परत यावी, तसे हे आहे. चूक गिऱ्हाइकाच्या दारी न पोहोचता आपल्याच घरात पकडली जाते, हा इंटरफेसचा पहिला लाभ.

निरनिराळ्या घराण्यांच्या रीती

या नमुन्याविषयी जगातील कारागिरांचे एकमत नाही, आणि त्यांच्या मतभेदांत शिकण्यासारखे पुष्कळ आहे.

क्रेग मॅक्लॅनहन यांनी २००० मध्ये जावासाठी 'स्ट्रट्स' हे फ्रेमवर्क सुरू केले. त्यात प्रत्येक कृतीने 'ॲक्शन' नावाच्या मूळ क्लासचा वारसा घ्यावा लागे. वारसा म्हणजे नाते. वडिलांच्या पेढीवर बसलेल्या मुलास वडिलांची पत मिळते, तसे त्यांचे देणेही मिळते. शिवाय जावामध्ये एका क्लासास एकच बाप असू शकतो, म्हणून तेथे वारसा घेतला की दुसऱ्या घराची वाट बंद.

मार्च २००४ मध्ये पहिली आवृत्ती आलेल्या 'स्प्रिंग' या फ्रेमवर्कमध्ये 'कंट्रोलर' हा इंटरफेस ठेवला होता. त्यात एकच कृती होती: विनंती घ्यावी, ती हाताळावी, आणि दाखवावयाची माहिती व पानाचे नाव परत द्यावे. येथे नात्याची गरज नाही, वचनाची आहे. २००७ मधील स्प्रिंगच्या अडीचव्या आवृत्तीपासून इंटरफेसऐवजी क्लासवर नुसती चिठ्ठी चिकटवून "हा नियंत्रक आहे" असे सांगण्याची सोय झाली. लिहिण्यास ती सोपी, परंतु भाषेकडून होणारी तपासणी तेवढी सैल झाली.

डेव्हिड हाइनमायर हॅन्सन यांच्या 'रूबी ऑन रेल्स' या २००४ मधील फ्रेमवर्कमध्ये 'ॲक्शन कंट्रोलर' हे नावच आहे. तेथे बहुतेक काम नावांच्या संकेतावर चालते. रूबी भाषेत जावासारखा इंटरफेस नाही. ऑब्जेक्टने हाकेस ओ दिली म्हणजे पुरे. ही विश्वासावर चालणारी पेढी आहे. माणसे थोडी व अनुभवी असतील तर ती वेगाने चालते.

पीएचपी वापरणाऱ्या निरनिराळ्या घराण्यांनी तर एकत्र येऊन सामाईक नमुनेच ठरविले. पीएसआर-१५ हा नमुना जानेवारी २०१८ मध्ये मान्य झाला. त्यातील विनंती हाताळणाऱ्या इंटरफेसमध्ये एकच कृती आहे: एक विनंती आत, एक उत्तर बाहेर. दारावर बसून तपासणी करणाऱ्यांसाठी दुसरा, वेगळा इंटरफेस आहे. व्यापारी संघाने तोलाई आणि बारदाना यांचे नियम एकदा ठरवावेत आणि मग प्रत्येकाने आपापला माल विकावा, तशी ही रीत आहे. आम्हांस ती सर्वांत पटली.

आम्ही काय ठरविले

आमच्या पुतण्याने प्रणाली नव्याने रचण्यास घेतली तेव्हा पहिल्या उत्साहात इंटरफेसमध्ये अकरा वचने घातली. अधिकार तपासणे, भाषा निवडणे, छपाईचा नमुना, उधारीची मर्यादा, असे सारे त्यात आले. परिणाम असा झाला, की नुसता भाव दाखविणाऱ्या लहानशा कृतीसही अकराच्या अकरा रकाने भरणे भाग पडले, आणि तिने त्यांतील नऊ रिकामे भरले. पोकळ वचन हे वचन नसल्याहून वाईट, कारण ते पाळल्यासारखे दिसते. प्रत्येकाकडून त्याच्या कामापुरतेच वचन घ्यावे, हे तत्त्व रॉबर्ट मार्टिन या अमेरिकन लेखकाने इंटरफेसच्या विभाजनाचे तत्त्व म्हणून मांडलेले आहे.

तेव्हा नमुना कमी केला. मूळ इंटरफेसमध्ये एकच कृती राहिली: विनंती घ्यावी आणि उत्तर परत द्यावे. नियंत्रकाने पडद्यावर परस्पर काही लिहू नये. त्याने दिलेले उत्तर मुकादम बाहेर नेईल. याच्या पोटात दोन जाती केल्या, 'पाहणारी कृती' आणि 'बदलणारी कृती'. पाहणारीस 'गेट' विनंती मिळेल. बदलणारीकडे 'गेट' विनंती आली तर मुकादमच ती दारातून परत करील, नियंत्रकापर्यंत ती जाणारच नाही. बदलणाऱ्या कृतीस आणखी दोन वचने द्यावी लागतात: हा बदल करण्याचा अधिकार कोणास आहे, आणि या बदलाचा ओळख-क्रमांक कोणता. जी कृती या दोहोंपैकी कोणत्याच जातीची नाही, तिला वखारीत जागा नाही.

ओळख-क्रमांक कशासाठी, हे हुंडीवाल्यांस सांगावयास नको. मूळ हुंडी वाटेत गहाळ झाली तर पेठ लिहीत, तीही हरवली तर परपेठ. पुढे तिन्ही येऊन पोहोचल्या तरी रक्कम एकदाच दिली जाई. फोनची जोडणी तुटली की दुकानदार तेच बटण दोनदा दाबतो. क्रमांक एकच असेल तर दुसरी विनंती ही पेठ समजावी आणि पहिलेच उत्तर पुन्हा द्यावे. पंचवीस किलोपर्यंतच्या आवेष्टित व लेबल लावलेल्या धान्यावर १८ जुलै २०२२ पासून पाच टक्के जीएसटी लागू झाला, तेव्हापासून अशा मालाच्या ई-बीजकाशी ज्यांचा संबंध येतो त्यांनी हे पाहिले असेल. तेथे विकणाऱ्याचा जीएसटी क्रमांक, दस्ताचा प्रकार, दस्ताचा क्रमांक आणि आर्थिक वर्ष यांवरून चौसष्ट अक्षरांचा एक ओळख-क्रमांक बनतो, आणि तेच बीजक पुन्हा पाठविले तर यंत्रणा ते स्वीकारीत नाही.

रद्द करण्याच्या दुव्याचे काय झाले? आता तो दुवा केवळ मागणी दाखवितो, म्हणजे ती पाहणारी कृती आहे. त्या पानावर "रद्द करा" असे बटण आहे, आणि ते दाबल्यावरच 'पोस्ट' विनंती जाते. गप्पांच्या ॲपने तो दुवा शंभरदा उघडला तरी वहीतील ओळ हलत नाही.

नमुना काय करू शकत नाही

येथे सावधगिरीचा शब्द लिहिला नाही तर लेख अपुरा राहील. हुंडीचा मजकूर बिनचूक असला म्हणजे लिहिणाऱ्याच्या पेढीवर पैसे आहेतच असे नव्हे. इंटरफेस रूप तपासतो, अंतःकरण तपासत नाही. 'पाहणारी' असे नाव घेतलेली कृती आतून वहीत खाडाखोड करू शकते, आणि भाषेस त्याचा पत्ता लागत नाही. यासाठी आम्ही चाचणी ठेविली आहे. नकली वहीवर प्रत्येक पाहणारी कृती चालवावी, आणि आधीची व नंतरची वही ताडून पाहावी. अक्षराचाही फरक पडला तर ती कृती नापास. सर्व पाहणाऱ्या कृतींचा नमुना एकच असल्यामुळे ही चाचणी एकदाच लिहावी लागली आणि सर्वांस लागू झाली. नमुन्याचा हा दुसरा लाभ.

दुसरी गोष्ट, काही अटी नमुन्यात दिसत नाहीत तरी पाळाव्या लागतात. स्ट्रट्समध्ये एका कृतीसाठी एकच नियंत्रक-ऑब्जेक्ट सर्वांच्या विनंत्या एकाच वेळी हाताळीत असे. एका गिऱ्हाइकाचा आकडा त्याने स्वतःजवळ टिपून ठेवला तर तो दुसऱ्याच्या चिठ्ठीवर उतरण्याचा धोका. गुमास्त्याने टिपण गिऱ्हाइकाच्या चिठ्ठीवर करावे, गादीच्या कापडावर नव्हे. अशा अटी नमुन्याशेजारी साध्या भाषेत लिहून ठेवाव्यात.

तिसरी गोष्ट, एकदा प्रसिद्ध केलेला नमुना बदलणे कठीण. त्यात एक वचन वाढविले की ते न देणारे सारे जुने क्लास मोडतात. या अडचणीसाठी जावाच्या मार्च २०१४ मधील आठव्या आवृत्तीत इंटरफेसमध्येच पूर्वनियोजित उत्तर ठेवण्याची सोय करावी लागली. म्हणून आरंभी नमुना लहान ठेवावा. मागाहून वाढविता येईल, परंतु दिलेले मागे घेता येणार नाही.

बंधूंस विनंती

आपल्यांपैकी अनेक जण अशा प्रणाली करवून घेत आहेत. पैसे देण्यापूर्वी करणाऱ्यास पाच प्रश्न विचारावेत. आपल्या सर्व कृतींचा सामाईक नमुना लिहिलेला आहे काय? पाहणे आणि बदलणे यांची फारकत कोठे होते? अधिकार एका ठिकाणी तपासला जातो की प्रत्येक जण आपल्या आठवणीने तपासतो? तीच विनंती दोनदा आली तर काय होईल? आणि उद्या आपण काम सोडलेत, तर नवा माणूस एक कृती काढून दुसरी तिच्या जागी बसवू शकेल काय? शेवटच्या प्रश्नाचे मोल आम्ही जाणतो, कारण आमची पहिली प्रणाली करणारा गेला तेव्हा त्याच्या चाळीस तऱ्हा त्याच्याबरोबर गेल्या. या प्रश्नांसाठी इंग्रजीचे पांडित्य लागत नाही. ज्यास पेढी चालविता येते त्यास उत्तरातील खरेखोटे कळते.

अनेकान्ताची शिकवण घेतलेल्या आपणांस एक गोष्ट निराळी सांगणे नको. वस्तूस अनेक बाजू असतात, आणि एका बाजूने पाहिलेले सत्य ते तेवढ्यापुरतेच सत्य. आमच्या नोंदीने सांगितले की मागणी त्या दुव्यावरून रद्द झाली. ते तिच्या बाजूने खरे होते. ती रद्द कोणी केली, हे तिला ठाऊक नव्हते, आणि आम्ही तिच्या मुखी ते उत्तर घातले. यंत्राच्या नोंदीस किती विचारावे आणि कोठे थांबावे, हे त्या दिवशी आम्हांस कळले.

कारण समजल्यावर आम्ही पांडेसऱ्यास त्या गिऱ्हाइकाच्या दुकानी गेलो. भावातील फरकाची रक्कम पुढे ठेविली. संवत्सरी पुष्कळ दूर होती, तरी दुकानातल्या पोत्यांमध्ये उभे राहून हात जोडले आणि 'मिच्छामि दुक्कडम्' म्हटले. त्यांनी रक्कम मोजली नाही. गल्ल्यात टाकली, आणि पुढच्या आठवड्याची मागणी तोंडीच सांगितली. आम्ही ती कागदावर लिहून घेतली.

पुढील दोन महिने ते मागणी तोंडीच सांगत राहिले. नव्या प्रणालीवर त्यांची पहिली मागणी आली त्या सकाळी आम्ही स्वतः वखारीत उभे राहून पोती मोजली.

जय जिनेन्द्र.